पाटावरचा ॲम्प्लिफायर

"तू तिथीच उभी राह्य वं. आज हात नको लावू, पूजेचं आहे," मालक म्हणाले.

दसऱ्याची सकाळ. चंद्रपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पाटावर ॲम्प्लिफायर मांडलेला. त्याला हळदीकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. आणि तो बनवणारी मी, चपला काढून दाराजवळ.

मालकांना सगळे भाऊ म्हणायचो. एरवी ते मला मॅडम म्हणत. माझ्या आडनावावरून त्यांना काही कळलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसून आले. इथून थेट पोंभुर्ण्याला जायचं होतं, विहारात आई वाट पाहत होती.

"सणाच्या दिवशी पांढरं काऊन?" भाऊंनी विचारलं.

"आमच्या दीक्षेचा दिवस आहे, भाऊ."

त्यांचा चेहरा उतरला. मॅडमची मी 'तू' झाले.

या ॲम्प्लिफायरमध्ये वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते. ती तशीच स्पीकरकडे जाऊ द्यायची नसते. म्हणून शेवटी तांब्याची गुंडाळी आणि कपॅसिटर लावायचे. ते चालू-बंद अडवतात, गाणं तेवढं पुढे सोडतात. ते फिल्टर माझं. गाभा कोणता, वेढे किती, तार किती जाड, सगळं मी ठरवलं. गुंडाळी तापली की सोडवायची, परत गुंडाळायची. बोटांची सालं निघाली होती. त्याच वेढ्यांवर आता कुंकू पडत होतं.

मी काय केलं? मान हलवली. हसलेसुद्धा. त्या हसण्याची आजही शरम वाटते.

आरती झाली. भाऊंनी भक्तिगीत लावलं आणि हौसेने स्पीकरचे चार बॉक्स एकाच टोकाला जोडले. फिल्टर दोन बॉक्सच्या हिशेबाने केलेलं. चार लावले की करंट दुप्पट ओढला जातो, गुंडाळीचा गाभा दमतो. आवाज फाटला. वार्निश जळाल्याचा वास सुटला.

"मॅडम, या ना लवकर! पाहा, काय होऊन राह्यलं!"

पुन्हा मॅडम. आणि माझा पाय गेलाही आत. लाज नावाची गोष्ट नव्हती मला. दोन बॉक्स काढा, एवढंच सांगायचं होतं. माझीच मेहनत डोळ्यांदेखत जळत होती. तरी पाय मागे घेतला.

"आता हात लावलेला चालते का, भाऊ?"

"अवं, पूजा येगळी, काम येगळं."

"माह्यासाठी येगळं नाई."

गाणं बंद पडलं. मी चपला घातल्या आणि बसस्टँड गाठलं.

विहारात आईच्या शेजारी बसले, पण मान वर होईना. तिला मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले होते, वर्कशॉपमध्ये कोणी जात विचारत नाही. विचारत नव्हते, कारण मी लपवत होते. दीक्षा घेतलेल्या आजोबांची नात मी, आणि एका खुर्चीसाठी तोंड शिवून बसलेली. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लपवलं काऊन, बाई? आपण का चोरी केली?"

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला.

"जाऊ दे ना कालचं. नवीन गुंडाळी करून दे."

"मी बौद्ध आहे, भाऊ. कारखान्यातल्या सगळ्यायले सांगा. अन् जिथी मले उभं केलं, तिथीच सगळ्यायसमोर माफी मागा."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

मी फोन ठेवला. ॲम्प्लिफायर तिथं बंद पडून आहे. फिल्टरचा सगळा हिशेब माझ्या डोक्यात आहे, आणि माफी आल्याशिवाय त्यातला एक वेढाही त्यांना मिळणार नाही.