दुसऱ्या गाण्यापासून

बूशाइबची टॅक्सी सहा माणसं बसल्याशिवाय हलत नसे. यात त्याचा वेगळा हट्ट काही नव्हता. अल-जदीदाच्या तळावरून सगळ्याच जुन्या मर्सिडीज तशा सुटत. ड्रायव्हरशेजारी दोघं, मागे चौघं, आणि बाहेर दलाल घसा फोडून ओरडतोय, "अझेमूर! एक सीट! एकच सीट!" फरक इतकाच, की बाकीचे ड्रायव्हर संध्याकाळी घरी गेले की तळ विसरत. बूशाइब विसरत नसे. गाडीत रिकामी सीट दिसली की चपलेत खडा गेल्यासारखी त्याची चुळबुळ सुरू व्हायची. स्वतःच्या लग्नाला पांढरी पायघोळ जेलाबा घालून नवरीच्या गावी निघाला, तेव्हाही मागे एक जागा उरली होती. वाटेत त्याने बाजाराला निघालेला एक कोंबडीवाला घेतला. लग्नाच्या फोटोत तो माणूस आहे. कोंबड्याही आहेत.

"माझ्या मामाला बसायला जागा नव्हती," त्याची बायको रकिया अजून सांगते, "आणि कोंबडीवाला दोनदा जेवला."

त्याचं दुसरं वेड म्हणजे औलाद स्सानिया. राहाटाची पोरं. चार जणांचा हा ताफा गावोगावच्या उरसांत गायचा. पोरं म्हणवणारे आता साठीला टेकले होते, पण नाव तेच. त्यांच्या सगळ्या कॅसेटी बूशाइबच्या गाडीत होत्या आणि एकापाठोपाठ एक वाजत. अझेमूरला रोज जाणारे कारकून, मास्तर, शेवंतीवाल्या बायका, सगळ्यांना ती गाणी पाठ होती. एकदा एका पाहुण्या उतारूने, "दुसरं काही नाही का?" असं विचारलं. बूशाइबने गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि अदबीने म्हणाला, "आहे की. चालत जाणं."

राहाटाची पोरं कुठे गाणार हे कळलं की बूशाइब निघायचा. ऊज्दा, बेनी मेल्लाल, एर्राशिदिया. दूर म्हणून त्याने कधी सोडलं नाही. बरोबर लार्बी न्हावी. लार्बीचं दुकान तळासमोरच होतं, आणि ताफ्याची खबर आली की तो गिऱ्हाइकाची अर्धी दाढी भावाच्या हाती सोपवून गाडीत बसायचा. दोघं दिवस दिवस गाडी हाणत जायचे, आणि दर वेळी एकच व्हायचं. पोहोचेपर्यंत पहिलं गाणं संपलेलं असायचं.

हे पहिलं गाणंच खरं गाणं होतं. ताफ्याचा म्होरक्या माअल्लेम, म्हणजे उस्ताद, फराजी मांडीवर सेंतीर घ्यायचा, तीन तारांचं, उंटाच्या कातड्याने मढवलेलं, होडीच्या आकाराचं वाद्य, आणि त्या जागेच्या पीराकडे गाण्याची परवानगी मागायचा. शब्द दर ठिकाणी निराळे. ज्या पीराचा उरूस त्याचं नाव, ज्या रस्त्याने आले तो रस्ता, ज्यांनी पाणी पाजलं, भाकरी दिली, त्यांना दुवा. म्हणूनच ते कॅसेटवर कधी उतरलं नाही. परवानगी जिथली तिथेच मागायची, असं माअल्लेम म्हणे. ज्यांनी ते ऐकलं ते सांगताना हात छातीवर ठेवत आणि पुढे काही बोलतच नसत. बूशाइबला या लोकांचा भयंकर राग यायचा.

उशीर व्हायचं कारण सगळ्या तळाला माहीत होतं. लार्बी आणि तो असे दोघंच निघायचे, म्हणजे पाच सीटा रिकाम्या. आणि रस्त्यावर हात करणारा माणूस नसेल असा मोरोक्कोत रस्ता नाही. ऊज्दाला जाताना एका नवरीच्या मावशीला डोंगरापलीकडे सोडलं. तिने चहाला थांबवलं, चहाचं जेवण झालं. बेनी मेल्लालला जाताना एक माणूस मेंढीसकट घेतला. मेंढी वाटेत व्याली.

"आमचा बूशाइब प्रत्येक मैफल ऐकतो," लार्बी दुकानात वस्तरा फिरवता फिरवता सांगायचा. "दुसऱ्या गाण्यापासून. आणि शेवटच्या रांगेतून. माअल्लेमचं तोंड त्याला मसुराच्या दाण्याएवढं दिसतं."

"तू पण तिथेच असतोस," बूशाइब म्हणायचा.

"मी तुझ्या गाडीत असतो. माझा काय दोष?"

मग एके दिवशी लार्बी तोंडाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकाला सोडून रस्ता ओलांडून आला. माअल्लेम फराजी मुलीकडे बेल्जियमला चालला होता, कायमचा. तारुदांतच्या बाजूला सीदी ऊसालेमच्या उरसात तो शेवटचं गाणार होता. उरलेले तिघं पुढे गात राहतील, पण पहिलं गाणं माअल्लेमबरोबर जाणार.

बूशाइब त्या दिवशी जेवला नाही. रकियाने ताट झाकून ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. चिडायची तिला सवय होती; नवऱ्याला असं गप्प बघायची नव्हती.

"या खेपेला मी येते," ती म्हणाली. "सगळी गाडी मी भरते. एक सीट रिकामी ठेवत नाही. बघू कसा थांबतोस."

आणि तिने गाडी भरली. मागे ती स्वतः, तिची आई लाल्ला इज्जा, बहीण तामू, आणि चौथ्या जागी घोंगड्यांची वळकटी. पुढे लार्बी, आणि लार्बी व दार यांच्यामध्ये वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसाचं पातेलं, वर वाफेची चाळण, त्यावर फडकं बांधलेलं.

"हे पातेलं मांडीवर घेता येईल," बूशाइब म्हणाला.

"ते बसलंय," रकिया म्हणाली. "चल."

पहाटेच निघाले. साफीपर्यंत बरं गेलं. पुढे एक बाई हात करून उभी होती. बूशाइबचा पाय आपोआप ब्रेकवर आला.

"पातेलं बसलंय!" मागून आवाज.

पाय उठला. एस्सविराच्या अलीकडे दोन शिपाई, मग एक म्हातारा, मग शाळेचा मास्तर. दर वेळी मागून तेच, आणि हळूहळू लाल्ला इज्जाही सुरात सूर मिसळू लागली. तिला नीट ऐकू येत नव्हतं, पण प्रवासात म्हणायची ही काहीतरी दुवा आहे असं तिला वाटलं होतं. हात करणारा दिसला की ती डोळे मिटून म्हणायची, "पातेलं बसलंय, आमीन."

अगादीर मागे पडलं. तारुदांतचा मोठा रस्ता ट्रकांनी भरलेला असतो म्हणून बूशाइबने जुना रस्ता धरला. अर्गनच्या झाडांमधून जाणारा, खड्ड्यांचा, पण मोकळा. तिथे एका वळणावर बोनेट उघडं टाकलेली एक गाडी दिसली आणि तिच्यापुढे एक माणूस. तपकिरी जेलाबा, उन्हासाठी टोपडं नाकापर्यंत ओढलेलं, कवेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबोळकं. त्याने एक हात वर केला.

बूशाइबचा पाय ब्रेकवर आला. गाडी हळू झाली.

"मेंढरू आहे," लार्बी ओरडला. "कवेत मेंढरू आहे! बेनी मेल्लाल आठव!"

"पातेलं बसलंय!" रकिया आणि तामू एकदम म्हणाल्या.

"आमीन," लाल्ला इज्जा म्हणाली.

बूशाइबने गाडी पुढे घेतली. आरशात तो माणूस हात खाली घ्यायचा विसरून तसाच उभा होता. मग वळण आलं. त्यानंतर उरसापर्यंत बूशाइबने कॅसेट लावली नाही.

ते ऊन कलायच्या आत पोहोचले. मैदान नुकतं कुठे भरू लागलं होतं. मांडवासमोर पहिल्या रांगेत रकियाने घोंगड्या पसरल्या, पातेलं उघडलं, आणि सगळे हात कुसकुसात गेले. लार्बी तर रडकुंडीला आला. "पहिली रांग! बूशाइब, बघ, त्यांच्या चपला दिसतात! या माणसाच्या मोज्याला भोक आहे, ते पण दिसतंय!"

मोज्याला भोक असलेला माणूस डफवाला होता. त्याच्या शेजारी बँजोवाला, पलीकडे दुसरा डफवाला. मधली गादी रिकामी. तिघं एकमेकांकडे आणि मग रस्त्याकडे बघत होते. थोड्या वेळाने उरसाचा मुकादम उभा राहिला आणि भोंग्यातून म्हणाला, "लोकहो, सबुरी. माअल्लेम एस्सविराला बहिणीचा निरोप घेऊन सकाळीच इकडे यायला निघालेत. अजून पोहोचले नाहीत. मोठ्या रस्त्यावर आमची माणसं बघून आली, दिसले नाहीत."

बूशाइबचा घास हातातच राहिला.

"लार्बी," तो म्हणाला. "ते मेंढरू."

"काय मेंढरू?"

"मेंढराला पाय असतात. त्याला पाय होते?"

रकियाने पातेल्याकडे पाहिलं.

"तू ओळखलं कसं नाहीस?" ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं ज्याच्यामागे फिरलास."

"शेवटच्या रांगेतून फिरलो ना!" बूशाइब जवळजवळ ओरडला. "मला तो मसुराएवढा ठाऊक आहे!"

तो उठला. लार्बीने त्याच्या जेलाबेचा सोगा धरला. "मुकादमाला सांग ना कुठे आहे ते. त्याची माणसं आणतील. तू इथून हललास तर ही जागा गेली. आणि ते पहिलं गाणं..."

"त्याची माणसं वळण शोधत बसतील. आणि मी त्याला टाकून आलोय, त्याच्या माणसांनी नाही."

रकियाने हात धुतले. "मी पण येते. एकटा गेलास तर परत येताना सबंध गाव घेऊन येशील."

ऊन तांबूस झालं होतं. माअल्लेम त्याच वळणावर, दगडावर बसला होता. सेंतीर मांडीवर, टोपडं मागे पडलेलं. जवळून त्याचा चेहरा साधाच होता. भुवया पांढऱ्या, एक दात नाही. बूशाइबने गाडीतून उतरून त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

"तूच मघा गेलास ना?" माअल्लेमने विचारलं. "पुढे जागा होती. मी पाहिली."

"नव्हती, माअल्लेम. तिथे पातेलं होतं."

"कसलं?"

"कुसकुसाचं."

माअल्लेमने विचार केला. "मांसाचं की भाज्यांचं?"

"सात भाज्यांचं," रकिया म्हणाली. "दोष माझा आहे. तुमच्यासाठी झाकून ठेवलंय त्यातलं."

"मग ठीक," माअल्लेम म्हणाला आणि पुढच्या सीटवर बसला.

बूशाइबने गाडी अशी सोडली की रकियाने दोन्ही हातांनी सीट धरली. मनाशी त्याने ठरवलं होतं: आता प्रत्यक्ष राजा रस्त्यात उभा राहिला तरी थांबायचं नाही. पहिल्या टेकाडापाशी काटक्यांची मोळी घेतलेल्या दोघी दिसल्या. बूशाइबने नजर समोर ठेवली.

"थांबव," माअल्लेम म्हणाला.

"माअल्लेम, लोक वाट बघतायत!"

"आज दुपारभर मी पण वाट बघत होतो. गाडी रिकामी आणि बाया चालत? थांबव बाबा."

मोळ्या टपावर चढल्या, दोघी रकियाशेजारी. पुढे शेळीचं पिल्लू घेतलेला एक म्हातारा होता. बूशाइबने माअल्लेमकडे पाहिलं. माअल्लेमने नुसती भुवई उचलली. शेवटची एक जागा उरली होती, ती एका फकिराने घेतली. दार लागलं आणि बूशाइबच्या छातीत काहीतरी जागच्या जागी बसलं. सहा. त्याने गिअर टाकला तेव्हा तो गुणगुणत होता.

"देवा," रकिया कपाळाला हात लावून म्हणाली, "आता असे दोघं झाले."

मैदानापाशी पोहोचले तेव्हा मगरिबची अजान होऊन गेली होती आणि दिवे लागले होते. लोकांनी माअल्लेमला गाडीतून जवळजवळ उचलूनच नेलं. बूशाइब इंजिन बंद करून मागे धावणार, तोच एक जाडजूड शिपाई खिडकीत वाकला.

"टॅक्सी इथे नाही. मागे, घोड्यांच्या पलीकडे."

"अरे भावा, मी माअल्लेमना घेऊन..."

"सगळे कुणाला ना कुणाला घेऊनच येतात. मागे."

बूशाइबने गाडी वळवली. गाड्या, गाढवं, तंबूंचे दोर. अरुंद वाटेत अर्ध्यावर आला आणि भोंग्यातून सेंतीरचा पहिला सूर आला, जाड, मातीतून आल्यासारखा. बूशाइबने आहे तिथे इंजिन बंद केलं आणि काच खाली केली.

मांडव दिसत नव्हता. समोर कुणाच्या तरी खेचराचं ढुंगण होतं. माअल्लेमचा आवाज सीदी ऊसालेमकडे परवानगी मागत होता. सावकाश, जणू घरमालक दार उघडेपर्यंत थांबायला त्याची हरकत नव्हती. मागे एका ट्रकने हॉर्न दिला. मग दुसऱ्याने.

रकिया उतरली. कमरेला ओढणी खोचून ती ट्रकच्या दिव्यांसमोर उभी राहिली. "हॉर्न बंद! माझा नवरा पहिलं गाणं ऐकतोय!"

"मग मी काय करू, बाई?"

"तू पण ऐक!"

का कोण जाणे, हॉर्न थांबले. ट्रकवाल्याने काच खाली घेतली. माअल्लेमने जुना रस्ता गायला, अर्गनची सावली गायली, मोळीवाल्या गायल्या. आणि मग बूशाइबचा आपल्या कानांवर विश्वास बसेना: ज्या पातेल्याने उठून आपल्याला जागा दिली, त्यात कुसकुस कधी न सरो, अशी दुवा आली. मैदानातल्या हजारो लोकांनी, काही न कळता, एका आवाजात म्हटलं, आमीन. त्यात लाल्ला इज्जाचा आवाज सगळ्यांत आधी असणार.

गाणं संपलं. बूशाइब स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. रकिया येऊन शेजारी बसली, पातेल्याच्या जागी.

"कसं होतं?" तिने विचारलं, जणू ती तिथे नव्हतीच.

त्याने हात छातीवर ठेवला आणि काहीच बोलला नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता तू पण त्यांच्यातला."

मग गाडी सुरू होईना. ट्रकवाल्याने धक्का दिला, खेचरवाल्याने दिला, घोड्यांच्या पलीकडे जागा मिळाली. दोघं धापा टाकत मांडवापाशी पोहोचले तेव्हा ताफा तिसरं गाणं गात होता, आणि त्यांच्या घोंगडीवर तो शेळीवाला म्हातारा पाय पसरून जेवत होता.

"दुसरं काय गायले?" बूशाइबने लार्बीच्या कानाशी विचारलं.

लार्बीने सावकाश मान हलवली. "काय सांगू तुला," तो म्हणाला. "तू असायला हवा होतास."