पोत्याचं भेव

इच्छापूरकडच्या शिवारात कुणाचं कुत्र्याचं पिल्लू राखणीला घालायचं झालं, की ते आधी लीलाधरकडं यायचं. त्याची रीत ठरलेली. चोर वाटावा म्हणून तोंड झाकेल असं डोक्यावरून पोतं घेऊन खोपीत शिरायचं न् साखळीला बांधलेल्या पिल्लाला काठीनं झोडायचं. दोन महिन्यांत पोतं दिसलं की ते अंगावर धावे. लोक म्हणत, "लीलाधरनं तेज केलं." उभ्या जन्मात त्याचं नाव झालं ते एवढ्यामुळंच.

स्वतःचा भुऱ्याही त्यानं असाच घडवला. पण लीलाधर राखायचा त्या मळ्यात केळी कापणारे घड वाहायला खांद्यावर पोतं टाकतात. भुऱ्यानं एकाची पोटरी फाडली. टोळीचा मुकादम यादव म्हणाला, "भो, पुढच्या कापणीले हे कुत्रं दिसलं तर आम्ही मळ्यात पाय नाई टाकत." मळ्याच्या मालकानं कुत्रं सुधारायला आठ दिवस दिले. नाही तर ते धूलकोटच्या जंगलात सोडायचं.

जनावरांच्या दवाखान्यातली ज्योत्स्ना म्हणाली, "काका, हे तेज नाई, भेलेलं हाये. साखळीमुळं पळता येत नाई, म्हणून अंगावर येतं. पोतं इतकं लांब ठेवा का ते भुंकणार नाई. मग भाकर टाका. रोज एक पाऊल जवळ."

"म्हणजे मी त्याले भ्यायलेच शिकवलं?"

"हाव."

बायको धुरपदाबाई भाकरी थापता थापता बोलली, "मार तुमचा, न् भाकर माही!"

वीस पावलांवरून सुरुवात केली. चौथ्या दिवशी भुऱ्या पोतं पाहून भाकरीसाठी लीलाधरकडं बघू लागला. सहाव्या दिवशी पंधरा पावलं झाली.

सातव्या सकाळी अवकाळी पाऊस आला. लीलाधर सवयीनं पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन खोपीत शिरला. भुऱ्यानं मनगटच धरलं.

"अरे, मी हाव, मी!" त्यानं खोळ फेकली.

भुऱ्यानं तोंड पाहिलं, मनगट सोडलं, न् खाटेखाली शिरून मुतला. पोत्याखाली कोण असायचं, ते भुऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आठव्या दिवशी मालकाचा टेम्पो आला. भुऱ्या खाटेखालून निघेना.

"पोत्यात घाल न्," टेम्पोबरोबर आलेला यादव म्हणाला.

दुसरा कुणी हात लावायला तयार नव्हता. लीलाधरनं पट्टी बांधलेल्या हातानं पोत्याचं तोंड उघडलं. भुऱ्या भुंकलासुद्धा नाही. गाठ लीलाधरनंच मारली.