वापशाचा काटा

दोन हजार सालाच्या आसपास शेतकी कॉलेजातल्या एका तरुण सरांनी आमच्या गोंडपिपरीकडच्या वावरात जिप्समच्या वड्या पुरल्या, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जमिनीले सलाईन लावून राह्यले काय?" दिसायचंही तसंच. खडूसारख्या पांढऱ्या वड्या सोयाबीनच्या मुळांशी, आणि प्रत्येकीतून दोन तारा वर आलेल्या. तारांना सरांनी दिलेल्या डब्याचे चिमटे लावायचे, बटण दाबायचं, की माती किती ओली ते काटा सांगणार. मी बारावी शिकलेली, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मला तर भारी आवडायचं! ओल जास्त असली की तण काढायच्या डवऱ्याला चिखलाचे गोळे धरतात, वाळली की दगड. मधला वापसा साधावा लागतो. "काटा काय म्हणते वं?" असं नवरा रोज चहा पिताना विचारायचा. बायकोला विचारून डवरा काढणारा गावात तोच एक असेल.

शेजारच्या वावरवाल्यानं मात्र रानडुकरांपायी डोक्याला ताप करून ठेवला होता. संध्याकाळी विजेच्या लाइनीवर आकडा टाकून दोन वावरांमधल्या धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडायचा आणि उजाडायच्या आत काढायचा. मी त्याच्याशी भांडले. "एखाद्या दिवशी माणूस जाईल तुमच्यापायी!"

"वहिनी, डुकराले समजत नाई, माणसाले तं समजते ना," म्हणत तो वर हसला. असा संताप आला, काय सांगू!

एकदा रात्रभर वाऱ्यापावसानं झोडपलं आणि सकाळी लख्ख ऊन पडलं. नवऱ्याला कसली घाई झाली देव जाणे, काट्याची वाट न बघता डवऱ्याला बैल जुंपून तो वावरात शिरलाही. मी मागून डबा घेऊन गेले आणि पहिल्या वडीशी बसून चिमटे लावले. काटा सावकाश सरकायचा सोडून थडाथडा आपटायला लागला. बिघडला मेला, म्हणत मी डब्याला चापट मारली. चिमटा काढायला हात घातला तर बोटांना झिणझिण्या आल्या. अगं बाई! मातीत करंट!

मान वर केली. धुऱ्यावरची एक खुंटी आडवी झाली होती आणि शेजाऱ्याची तार आमच्या सोयाबीनमध्ये पडली होती. उजाडलं तरी त्यानं आकडा काढलाच नव्हता. नवरा बैल थांबवून ती उचलायलाच निघाला होता. आमच्या वावरात तार दिसली की ती सरांची, हातानं बाजूला सारायची, एवढंच सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

"अजी! अजी, थांबा!" मी ओरडले. पलीकडच्या वावरातल्या बाप्यांनी वळून बघितलं, यानं नाही. 'अजी' तर सगळ्याच बायका म्हणतात. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडं मानतात. लग्न झाल्यापासून ते माझ्या ओठावर कधी आलं नव्हतं. तो वाकला, हात पुढं केला, आणि मी गळा फाटेस्तोवर त्याच्या नावानं बोंबलले.

तो ताडकन सरळ झाला. चेहरा लालबुंद. "येडी झाली काय?" म्हणत तरातरा माझ्याकडं यायला लागला. मागं बैलानं गवताला तोंड लावत पाय पुढं तारेवर टाकला आणि धाडकन कोसळला. हंबरलासुद्धा नाही. नवरा त्याच्याकडं धावायला निघाला, तर मी त्याच्या कमरेला मिठी मारून लोंबकळले. हाक ऐकून धुऱ्यापाशी आलेला शेजारी आकडा काढायला बोंबलत पळत सुटला, तेव्हा कुठं माझे हात सुटले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. माझी हाक त्यांना घरापर्यंत ऐकू गेली होती. "नाव घेतलं तू त्याचं? भर वावरात? लाज नाई वाटली?" मग त्यांना बैल दिसला. मग तार दिसली. मग समोर उभा असलेला त्यांचा पोरगा. त्या चिखलातच मटकन खाली बसल्या आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"अजून घे नाव," त्या म्हणाल्या. "जोरानं घे वं, बाई."