धुळाच्या कार्डावरची खूण

सांगलीच्या मार्केट यार्डात मी एकतीस वर्षं हमाली केली. त्यातली शेवटची अकरा मुकादम म्हणून. माझ्या टोळीत बारा माणसं होती. त्यातल्या धुळाबद्दल लिहितो आहे.

धुळा आटपाडीच्या पलीकडचा. मेंढरं विकून हमालीला आलेला. हळदीचं पोतं पाठीवर घेण्याआधी तो त्याला वर, मध्ये, तळाला चाचपायचा. ओल कुठं आहे, माती कुठं आहे, त्याच्या हाताला कळायचं. "ह्यात खडा हाय," म्हणाला की व्यापारी चिडायचा. पोतं सोडलं की दहातल्या सहा वेळा खडा निघायचा. उरलेल्या चार वेळा धुळा म्हणायचा, "आजून तळाला असंल." चहाचा कपही तो आधी हुंगायचा. चहावाला म्हणायचा, "आरं, तुला इख घालाय मला परवडतंय व्हय?"

कामात मात्र कसूर नाही. मागचा पाय पक्का झाल्याशिवाय पुढचा उचलायचा नाही. फळीवरून ट्रकात चढताना त्याचं एकही पोतं माझ्यादेखत घसरलं नाही.

चौऱ्याण्णव साली हळदीच्या हंगामात आमच्या संघटनेच्या अध्यक्षाची निवडणूक लागली. संघटना लहान, सव्वादोनशे बिल्ल्यांची; बिल्ला म्हणजे हमालीचा परवाना. तेव्हाचे अध्यक्ष नानासो यांनी आरोग्य विमा काढला होता आणि तो प्रत्येक बिल्लेवाल्याला सक्तीचा केला होता. समोर उभे राहिलेले आप्पासो म्हणत होते, "ज्याला पायजे त्यानं घ्यावा. सक्ती कशाला?" दुसरा विषयच नव्हता. चहाच्या गाड्यावर एक जण पेपर वाचून दाखवायचा, की अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षही हेच करायला निघालाय आणि तिथंही असंच भांडण लागलंय.

धुळानं विचारलं, "मग तितं मानसांची तपासणी कोण करतंय?"

तपासणी ही त्याची खरी भीती. वजन उचलायला जो निकामी, त्याचा बिल्ला काढून घ्यायचा, असा नियम पहिल्यापासून होता. पण तोवर तपासायला कुणी येतच नव्हतं. आता विम्यासाठी डॉक्टर येणार होता.

शेडमध्ये सभा झाली. नानासो म्हणाले, "टोळीतला एक जण आजारी पडला, तर त्याची पोती बाकीचे ओढता का नाही?"

"ओढतो की," माणसं म्हणाली.

"मग ह्येबी तसंच. सगळे आले तर विमा चालतो. नुसते आजारीच आले तर बुडतो. म्हणून सक्ती."

बरोबर होतं. मलाही पटलं. धुळा उठला.

"टोळीतल्या माणसाला आमी वळखतो. तुमी आमाला वळखता व्हय?"

माणसं हसली. धुळा हसला नाही. "आन सगळ्यांस्नीच घ्यायचं हाय, तर तपासणी कशाला? कोण धडधाकट आन कोण मोडका, ह्ये कुणाला बघायचंय?"

"विमावाल्यांचा नियम हाय, धुळा."

"कागद कुठं ठिवणार?"

"हापिसातल्या कपाटात."

"किल्ली?"

"अध्यक्षाकडं."

"आज तुमी हाय," म्हणाला आणि बसला.

मग आप्पासोंना मत देणार का, असं मी त्याला विचारलं. "ह्यो सक्ती का करतोय ते कळंना, आन त्यो नगं का म्हणतोय तेबी कळंना," धुळा म्हणाला. "दोघांलाबी चाचपाय पायजे."

महिनाभर तो पोतं पाठीवर घ्यायचं टाळत होता. थप्पीवर उभा राहून पोती लावायचा. टोळीत हे काम पाळीनं असतं. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा गोदामामागं नेलं. त्यानं धोतर सैल करून दाखवलं. अंतर्गळ होता, डॉक्टर ज्याला हर्निया म्हणतात तो, लिंबाएवढा, वरून फडक्यानं करकचून आवळलेला.

"मुकादम, बिल्ला गेला तर मी गावाकडं काय धरू?"

टोळीनं पुढं जे ठरवलं त्याला मी नाही म्हणालो नाही. तो दोष माझा.

गुंडा हा धुळाचा चुलत भाऊ, आमच्याच टोळीतला. सोमवारी तो स्वतःच्या बिल्ल्यावर तपासून आला. शुक्रवारी धुळाचा बिल्ला लावून परत गेला. पितळी बिल्ल्यावर नुसता नंबर असतो. हळदीच्या धुळीत सगळी तोंडं सारखीच पिवळी. डॉक्टरनं छाती बघितली, पोट दाबलं, खोकायला लावलं आणि निरोगी म्हणून लिहिलं. कार्डावर शरीरावरची खूणही लिहिली. ती काय लिहिली, हे कुणी वाचलं नाही.

मतदान रविवारी होतं. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला धुळा थप्पीवरून खाली उतरला आणि बसला तो उठेना. गाठ दगडासारखी झालेली. आम्ही त्याला टेंपोत घालून विम्याच्या दवाखान्यात नेलं. त्याची बायकोही आली.

खिडकीतल्या माणसानं कार्ड बघितलं. "डावा दंड दाखवा."

दंड कोरा होता.

"इथं लिहिलंय, डाव्या दंडावर लीलाबाई असं गोंदलेलं आहे. कोण लीलाबाई?"

धुळाची बायको मदतीला धावली. "आवं, लीलाबाई आमची जाऊ. गुंडाभावजींची बायकू. त्येंच्या दंडावर हाय की तिचं नाव!"

धुळा विव्हळतच म्हणाला, "गप गं, भवाने."

खिडकीतल्या माणसानं कार्ड बाजूला सारलं. मी यार्डातल्या ऑफिसात फोन केला. मतदान उद्यावर होतं. नानासो येतील असं मला वाटलं नव्हतं. ते वीस मिनिटांत स्कूटरवर आले. कार्ड वाचलं, धुळाचा दंड बघितला, माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"खूण लिहिताना चूक झाली," ते म्हणाले. "ह्यो धुळाच हाय. मी ह्याला वळखतो." आणि तसं लिहून सही केली.

तासाभरात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर वाचला नसता. आणि सांगितलं, यापुढं ओझं उचलायचं नाही.

नानासो अकरा मतांनी पडले. आप्पासोंनी सक्ती काढून टाकली. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आली. महिन्याभरानं त्यांनी धुळाला बोलावलं. बरोबर मी गेलो. टेबलावर दोन कागद होते. एकात धुळा निरोगी, दुसऱ्यात ऑपरेशन झालेला. तिसरा कागद आप्पासोंनी पुढं केला.

"नानासोनं खोटी सही केली, एवढं लिहून दे. तुझा बिल्ला ऱ्हाईल. शब्द देतो."

"आन न्हाई दिलं तर?"

"तर नियम हाय."

धुळानं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग हातात धरून वर, मध्ये, तळाला अंगठा फिरवला.

"ह्यात खडा हाय," म्हणाला.

सदऱ्यावरचा बिल्ला काढून त्यानं कागदावर ठेवला आणि बाहेर पडला.

पोती शिवायला बिल्ला लागत नाही. टोळीनं त्याला दाभण आणि सुतळी दिली. तो बसून पोत्यांची तोंडं शिवू लागला, टाका सारखा, एकही सैल नाही. वाटा आम्ही सगळ्यांएवढाच ठेवला. गुंडानं त्याच्या पाळीची पोती ओढली.

त्याच साली पाऊस संपता संपता पेपरात आलं, की अमेरिकेतलाही तो विमा बारगळला. धुळा दाभण थांबवून म्हणाला, "तितंबी कुणीतरी चुलत भावाला धाडला आसंल."

नानासो पुढं कधी यार्डात आले, की धुळा उठून उभा राहायचा. ते गेले की मला विचारायचा, "मुकादम, पर त्यो आला कशाला? आमची बारा मतं पायजे हुती म्हणून?"

"असंल," मी म्हणायचो.

"मग पडल्यावरबी कुणाला सांगितलं का न्हाई?"

मी पुढचं पोतं त्याच्याकडं सरकवायचो. धुळा मान हलवून पुन्हा टाका घालायला लागायचा.