तीस पोपट आणि एक बगळा

बथशेबा आपटेकरला कुणाच्या हातात अर्धवट काम दिसलं की तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. शेजारची भामा दारात तांदूळ निवडत बसलेली असायची, आणि गप्पा मारता मारता तिचं सूप बथशेबाच्या मांडीवर कधी जायचं ते भामालासुद्धा कळायचं नाही. नवरा सॅम्युअल मामलेदार कचेरीत कारकून. चांगल्या चांगल्यांना चार चार खेटे घालायला लावणारा माणूस, पण घरात सदऱ्याचं बटण लावायला सुई उचलली रे उचलली, की ही म्हणायची, "आणा इकडे, तुमच्यानं व्हायचं नाही." आणि खरंच त्या बिचाऱ्याच्यानं कधी झालं नाही. होणार कसं? कुणी करू दिलं तर ना.

पोरांचंही तेच. थोरला नाथन लहान असताना शाळेत मातीचा आंबा करायचा होता. पोरानं माती भिजवली, तेवढंच त्याचं काम. पुढचा आंबा आईनं केला, देठासकट, वर पिवळा रंग, गालावर लाली. गुरुजींनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि बाई आठ दिवस पनवेलच्या बाजारात आपल्या पोराच्या हातातली कला सांगत हिंडल्या. नाथन मागून पिशवी घेऊन गप्प चालायचा. गुणी मुलगा.

मग आली धाकट्या झिल्पाची पाळी. चौपन्न साल असेल. झिल्पा दहा वर्षांची, मुलींच्या शाळेत चौथीला. त्या वर्षी शाळेला शिवणकामाचा वर्ग मिळाला होता, पण एका वर्षाच्या बोलीवर. वर्षाच्या शेवटी तपासणीचे साहेब येणार, मुलींचं काम बघणार, पसंत पडलं तर वर्ग राहणार, नाहीतर बंद. शिवणाची बाई काही मिळाली नव्हती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका चंद्रावतीबाई, स्वतःच पुस्तकात बघून टाके शिकवायच्या, आणि त्यांचा साखळी टाका साखळीपेक्षा गाठींसारखाच जास्त दिसायचा. त्यांनी सांगून टाकलं, प्रत्येकीनं मांजरपाटाच्या रुमालावर काहीतरी भरून आणा.

झिल्पानं पोपट नेला. म्हणजे नेला झिल्पानं, भरला कुणी ते सांगायला नको. हिरवागार, लाल चोचीचा, पेरूच्या फांदीवर बसलेला. बथशेबाला तो सासूनं शिकवलेला. सासू आपटा गावची, पाताळगंगेच्या काठची. तिथे त्यांचा तेलाचा घाणा होता. त्या माऊलीला एका डोळ्यानं कमी दिसायचं, म्हणून तिच्या पोपटाचा डावा डोळा थोडा तिरळा यायचा. सुनेला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं, तरी पोपट मात्र तिरळाच. शिकवलं तसं शिकली.

शाळेतल्या मुलींना पोपट आवडला. वेणू पहिली आली. वेणू म्हणजे भामाची भाची, गव्हाणची. तिचा बाप मिठागरावर कामाला. तिकडे पोरीची शाळा होईना म्हणून बुधाजीमामा आणि भामामामीकडे पनवेलला राहायची. तिच्या मागून आणखी दोघी, मग पाच, मग अख्खा वर्ग. "मावशी, जरा दाखवा ना." दाखवणं म्हणजे बथशेबाच्या लेखी काय, तर पोरीच्या हातातला रुमाल घ्यायचा, तिला ओट्यावर बसवून शेंगदाणे आणि गूळ द्यायचा, नाथनच्या खोड्या सांगून हसवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुरा झालेला रुमाल इस्त्री करून परत द्यायचा. पोरी खूश, मावशी त्याहून खूश. एका महिन्यात झिल्पाचा धरून तीस रुमाल. आपण फसवाफसवी करतोय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला वाटायचं, शिकवतेय की मी.

बरं, हे सगळं रविवार ते शुक्रवार. शनिवारी तिचे हात बंद. आपटेकर इस्राएल लोक, त्यांचा शनिवार म्हणजे शब्बाथ, कामाला सुट्टी. आपट्याला त्यांच्या घाण्याचा बैलसुद्धा शनिवारी बसून रवंथ करायचा. पण पनवेलला येऊन सॅम्युअलच्या कचेरीला शनिवार कुठला, आणि बथशेबाही पूर्वी शनिवारी दुपारी दार लोटून हळूच दोन टाके घालून घ्यायची. ते थांबलं झिल्पामुळे. झिल्पा दोन वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. एकवीस दिवस पोर अंथरुणात, डॉक्टरांनी मान हलवलेली. तेव्हा बथशेबानं त्यांच्या पैगंबराला, एलियाहू हन्नाबीला, नवस केला, पोर उठू दे, मलिदा करीन, आणि पुन्हा जन्मात शनिवारी सुईला हात लावणार नाही. बाविसाव्या दिवशी पोरीनं पेज मागितली. त्याला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत तिनं शनिवारी तुटलेली नाडीसुद्धा ओवली नव्हती. सॅम्युअल म्हणायचा, नवस बोलायला हिला बरोब्बर सुईच सापडली. जे सोडणं सगळ्यात जड, तेच दिलं.

तर तपासणीचे साहेब आले शुक्रवारी. आणि त्याच दिवशी उन्हं उतरायच्या सुमाराला चंद्रावतीबाई आपटेकरांच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. बथशेबाची तेव्हा कोण घाई. खोबऱ्याच्या दुधातली कोंबडी चुलीवरून उतरवून झाली होती, शब्बाथच्या दिव्याच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल घालून ती वात सोडत होती. बाईंचा चेहरा बघून हातातली वात तशीच राहिली.

चंद्रावतीबाईंनी बसायलाही नकार दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांनी पहिला रुमाल बघितला, वा म्हणाले. दुसरा बघितला, वा म्हणाले. चौथ्याला चष्मा काढून पुसला. मग सगळे रुमाल टेबलावर ओळीनं मांडायला लावले आणि बोट ठेवून मोजले. तीस पोपट आणि तिसांचाही डावा डोळा तिरळा. साहेबांनी विचारलं, तुमच्या पनवेलच्या पोपटांना काही रोग आहे का? उद्या अकरा वाजता ते स्वतः निवडतील त्या दहा मुलींनी त्यांच्यासमोर बसून रुमाल भरायचा. जमलं नाही तर वर्ग बंद, आणि साऱ्या मुलींना हस्तव्यवसायात शून्य. खोटं काम दाखवलं असा शेरा पडेल तो वेगळाच.

"मुलींना सुईत दोरा ओवता येतो का हो, बथशेबाबाई?" चंद्रावतीबाईंनी विचारलं. "मला खरं सांगा."

बथशेबानं महिनाभराचे सगळे दिवस मनातल्या मनात उलटून पाहिले. गूळ खाणाऱ्या पोरी आठवल्या, हसणाऱ्या आठवल्या. सुई धरलेली एकही आठवेना.

"उद्या तुम्ही या," बाई म्हणाल्या. "शेजारी बसून निदान पहिले टाके तरी घालून द्या." आणि मग त्यांची नजर दिव्याकडे गेली आणि त्या ओट्यावरून उतरायलाच लागल्या. पनवेलमध्ये जन्म गेलेला, उद्या शनिवार म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. नवसाचंही गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, कारण बथशेबानंच सगळ्यांना सांगितलेलं.

दिवा लागला. सॅम्युअलनं किद्दूशची प्रार्थना म्हटली, सगळे जेवायला बसले, पण बथशेबानं भात नुसता चिवडला. तिनं नवऱ्याला विचारलं, पोरींसाठी मोडला एक शनिवार तर एलियाहू हन्नाबी समजून घेणार नाही का? विचारता विचारता तिचं लक्ष झिल्पाकडे गेलं. पोर भाताचा शेवटचा घास बोटानं गोळा करत होती, अंगानं गोल, गालानं गोल. बथशेबाला आपलाच प्रश्न नकोसा झाला.

सॅम्युअलनं शांतपणे कोंबडीचं हाड बाजूला ठेवलं. "हात लावणार नाही असं बोललीस ना? मग नको लावूस. तोंड बंद ठेवायचा नवस तर तू बोलली नव्हतीस."

एवढ्या वर्षांत नवऱ्यानं काढलेली ही पहिली कामाची अक्कल, असं ती पुढे लोकांना सांगायची. त्याच्यादेखत.

शनिवारी मशिदीत प्रार्थना झाली (इस्राएल लोक आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतात), आणि बथशेबा तशीच चालत शाळेत गेली. नेसूची चांगली नऊवारी, एका हाताला झिल्पा. साहेबांनी दहा जणी निवडून सतरंजीवर बसवल्या होत्या. त्यात वेणू होती. दहाही जणी रडायच्या बेतात. बथशेबा सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, ते तिसांचे तीस पोपट माझे आहेत," ती म्हणाली. "पोरी खोटारड्या नाहीत. मी हावरट आहे. मला काम सुटत नाही हातातून. शेरा द्यायचा तर माझ्या नावानं द्या."

साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, मग आता कशाला आलात, हेही दहा भरायला? ती म्हणाली, आज शनिवार, आज मी सुईला शिवतसुद्धा नाही, फक्त बोलणार. साहेबांनी एक खुर्ची दाखवली, अगदी भिंतीजवळची. सतरंजीपासून चांगली चार हात लांब.

आणि मग सुरू झाली तिची खरी परीक्षा. मुलींनी दोरा ओवायला घेतला. दहा मिनिटं नुसती ओवण्यात. कुणी दोऱ्याला थुंकी लावून लावून त्याची शेवई केली. एकीनं सुई बोटात टोचून घेतली. बथशेबा खुर्चीत अशी चुळबुळायला लागली की खुर्ची पुढे सरकू लागली. बोटं आपली आपण हलत होती. तेव्हा झिल्पा तिच्यासमोर येऊन बसली आणि तिनं आईचे दोन्ही हात आपल्या मुठीत घट्ट धरले.

साहेबांनी झिल्पाला विचारलं, "तू का नाही शिवत?"

"मी पण इस्राएल आहे," झिल्पा म्हणाली. "आणि आज आईचे हात धरायचे आहेत. सोडले तर ती जाईल."

चंद्रावतीबाईंनी तोंडाला पदर लावला.

हात अडकले तशी बथशेबाची जीभ मोकळी झाली. दोरा दातानं नको तोडू, कात्रीनं काप, टोक तिरकं ठेव. सुई तशीच धर जशी तांदळातला खडा धरतेस. खालून वर काढ, आता विहिरीतून बादली ओढतेस तशी, हळू, हिसका नको. हां, आता शेजारी घर कर, लांब नको, भाऊबंदकी झाल्यासारखं. पोरी हसायला लागल्या. हसल्या तशा त्यांच्या मानेतल्या शिरा सैल पडल्या आणि टाके पडायला लागले. वाकडे, लांबडे, आखूड, पण पडायला लागले. त्या टाक्यांकडे बघताना बथशेबाला पहिल्यांदाच दिसलं की या एकेका पोरीचा हात वेगळा आहे. कुणाचा टाका ठसठशीत, कुणाचा मुंगीएवढा. महिनाभर या पोरी तिच्या ओट्यावर बसल्या होत्या आणि तिनं त्यांची बोटं बघितलीच नव्हती.

वेणूचं मात्र काही बरं चाललं नव्हतं. पोपटाची मान उंचच उंच गेली, पाय त्याहून लांब. शेवटी तिनं रुमाल वर धरला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, ह्यो पोपट नाय होत."

बथशेबाच्या हाताला असा झटका बसला की झिल्पा जागेवरून सरकली. पण सोडले नाहीत तिनं हात. बथशेबा पुन्हा खुर्चीत मागे टेकली.

"मग काय होतंय ते?" तिनं विचारलं.

वेणूनं मान वाकडी करून बघितलं. "बगला वाटतो. आमच्या मिठागरान येतो तसा."

"मग बगळाच कर. पांढरा दोरा घे."

वेणूनं पांढरा दोरा घेतला, तो मात्र एका झटक्यात ओवला. बगळ्याच्या मागे तिनं कुणालाही न विचारता तीन त्रिकोण काढले. साहेबांनी वाकून विचारलं, हे डोंगर का? वेणू म्हणाली, नाय, मिठाचे ढीग हायेत. साहेबांनी तो रुमाल खिडकीशी उजेडात नेऊन बघितला.

शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते पुढे कळलं. तीस पोपट बाद. दहा रुमाल पास. वर्ग चालू ठेवावा, बाकीच्या वीस मुलींनी, त्यात झिल्पानंही, सोमवारी आपापला रुमाल शाळेत बसून भरावा. आणि खाली एक ओळ, शाळेनं या बाईंना शिवणकामासाठी घ्यावं, फक्त वर्गात असताना यांनी मुलींच्या कामाला हात लावायचा नाही. चौथी शिकलेली बथशेबा शिक्षिका झाली ती अशी. पुढची चौदा वर्षं ती वर्गात दोन्ही हात पाठीमागे पदरात गुंडाळून फिरायची. नव्या मुलींना वाटायचं, बाईंच्या हाताला काही झालंय की काय.

पण ते नंतरचं. रविवारी तिनं मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ किसला, ओलं खोबरं आणि वेलची घातली, पाच फळं मांडली. सॅम्युअलनं एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन प्रार्थना म्हटली. शेजारून भामा आणि बुधाजी आले, चंद्रावतीबाई आल्या, आणि पोरी तर तिसांच्या तीस, ओट्यावर मावेनात. नारळ किसायला झिल्पा बसली होती. अर्धं खोबरं करवंटीलाच राहत होतं, आणि बथशेबा तिकडे पाठ करून उभी होती.

मलिद्याच्या ताटावर झाकायला वेणूनं आपला बगळ्याचा रुमाल आणला होता, मावशीला द्यायला. बगळ्याचा एक पाय सुटत आला होता, दोऱ्याचं टोक लोंबत होतं. रविवार होता, सुई फळीवरच होती, दोन टाक्यांचं काम. बथशेबानं ते टोक बोटांत धरलं. मग सोडलं.

तो रुमाल पुढे दर शुक्रवारी आपटेकरांच्या शब्बाथच्या पोळ्यांवर असायचा. धुऊन धुऊन मिठाचे ढीग विटले. दिवा लावून झाला की बथशेबा डोळे झाकून झिल्पासाठी आभार मानायची, नाथनसाठी, नवऱ्याच्या त्या एका अकलेसाठी, आणि डोळे उघडले की त्या लोंबत्या पायाकडे बघून हात मांडीवर घट्ट जुळवून बसायची.