चार वर्षं आधीचा नारळ

"आप्पा, डोक्यावरनं हात घालून कान धर बघू. शाळेत ठेवायच्या वयाचा आहेस का ते कळेल."

सेक्रेटरी साहेब हे भर स्टाफरूममध्ये म्हणाले. साहेब माझ्या थोरल्या पोराच्या वयाचे. मी टिळकवाडीतल्या त्यांच्या शाळेचा शिपाई. मास्तर हसले. न हसण्याइतकी पक्की नोकरी कुणाचीच नव्हती.

कान कशाला, ते सांगतो. लहानपणी काकतीच्या शाळेत गुरुजींनी मला असाच कान धरायला लावलेला. हात पोचला, म्हणून सहा वर्षांचा ठरवलं. जन्मतारीख घातली एक जून. वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली. आई म्हणायची, तू झालास तवा भाताची कापणी चाललती. आता जूनमध्ये कुठला भात? ही गोष्ट चहा देता देता सगळ्यांना मीच सांगितलेली. हसवायची लई खोड.

साहेबांचा लॅपटॉप सफरचंदवाला. त्यातल्या जुन्या फाईलीतनं त्यांनी आम्हा सगळ्यांच्या तारखा उचलल्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये चिकटवल्या. माझी झाली एकतीस मे. सालही चार वर्षं मागं. म्हणजे मी याच मेअखेर निवृत्त.

मी शहाणा. मला वाटलं, मशीनला माझी खरी तारीख सापडली. आईला जमलं न्हाय ते मशीननं केलं. मेमध्ये तरी कुठला भात, हे डोक्यात आलंच न्हाय.

फेटा बांधून घेतला. शाल घेतली, नारळ घेतला. भाषणात रडलोसुद्धा.

शाळा उघडल्यावर कॉम्प्युटरच्या बाईंनी घोळ पकडला. कॉम्प्युटर म्हणे तारीख नुसत्या दिवसांच्या आकड्यात ठेवतो. साहेबांची फाईल ते दिवस मोजायला चार वर्षं उशिरापासून सुरुवात करते, ऑफिसची आधीपासून. नुसत्या तारखा चिकटवल्या की चार वर्षं नि एक दिवस मागं जातात. सगळ्यांच्याच गेल्या होत्या. सगळ्यांच्या दुरुस्त झाल्या. माझी तेवढी राहिली. माझ्या स्टुलावर तोवर साहेबांच्या ड्रायव्हरचा भाऊ बसला होता.

म्हणून विचारायला गेलतो. तर कान.

खोटं कशाला सांगू, माझा हात वर गेला. सवयीनं. बोटं कानाला लागणार, तेवढ्यात साहेब मास्तरांना म्हणाले, "पोचतोय की. पहिलीत घालूया."

हात खाली घेतला. तारीख दुरुस्त करा म्हटलं.

"फेटा घातलास, रडलास. आता काय नारळ परत देणार?"

"नारळ आम्ही खाल्ला साहेब. नोकरी तुम्हाला खाऊ देणार न्हाय."

कुणी हसलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गेलो. सत्काराची शाल घडी घालून स्टुलावर टाकली, वर बसलो. घंटा मीच दिली. ड्रायव्हरचा भाऊ भिंतीला टेकून उभा. साहेब पोलिसांचं नाव काढतात. काढू देत. वकील गाठलाय, पण निकालाची वाट घरी बसून बघणार न्हाय.

कानाची गोष्ट आता कुणाला सांगत नाही. रोज येतो, बसतो. उठवायचंच असेल, तर साहेबांनी चौघं आणावेत. उचलून न्यावं लागेल.