पुस्तकातला राजेंद्र

आमचे हे पहाटे पाचला उठतात ते यज्ञेश सरांच्या पुस्तकामुळे. त्या सरांनी माझी झोप घालवली, पण नवरा परत दिला, म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही.

अंबरनाथला एमआयडीसीतली ह्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून झोपले ते पावसाळा संपला तरी उठेनात. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. परत यावं तर सकाळचं ताट तसंच झाकलेलं. रडावं की ओरडावं, तेही कळायचं नाही. माझ्या भावाने, जयदेवने, 'आता ऊठ' नावाचं पुस्तक आणून दिलं. त्यात काय वाचलं कुणास ठाऊक, आठवड्याभरात ह्यांनी दाढी केली. मग बदलापूरला एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागलेसुद्धा.

पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, बुद्धविहारात ग्रंथवाचन होतं, ते वाचायचा मान ह्यांचाच, आवाज चांगला आहे म्हणून. वर्षावास संपल्यावर दर रविवारी वंदना झाली की हे 'आता ऊठ' वाचायला बसायचे. कंपनीतले जुने लोक ऐकायला यायचे. कुणी वॉचमन, कुणी नुसतेच घरी. सगळ्यांचं म्हणणं एकच, उठलो तर खरं, पण पुढे काय?

"सर दुसरा भाग लिहितायत," हे सांगायचे. "त्यात असेल."

मध्ये कल्याणला सरांचा कार्यक्रम झाला. तिथे ह्यांनी माइकवर आपली सगळी कहाणी सांगितली. सरांनी पाठ थोपटली, नाव-गाव विचारून घेतलं. राजेंद्र, अंबरनाथ. त्यानंतर महिनाभर ह्यांचे पाय काही जमिनीवर नव्हते.

शेवटी दुसरा भाग आला, 'आता धाव'. मी म्हटलं, "आधी घरी जरा चाळून तरी बघा."

"ग्रंथ सगळ्यांसमोरच उघडायचा असतो."

हा काय ग्रंथ आहे? पण माझं ऐकतील तर शपथ.

रविवारी विहार भरला. ह्यांनी वाचायला घेतलं. बरीच पानं झाली, तसा जयदेव कंटाळून म्हणाला, "दाजी, हे सगळं पहिल्यातलंच आहे की. ऊठच्या जागी धाव टाकलंय फक्त."

"थांब, पुढे असेल."

पुढे होतं. अंबरनाथचे राजेंद्र, ज्यांची कंपनी बंद पडली, ते आमचं पुस्तक वाचून उठले. आज त्यांचा स्वतःचा कारखाना आहे आणि चाळीस माणसं त्यांच्या हाताखाली आहेत. जे अजून मागे राहिलेत, त्यांनी स्वतःला विचारावं, आपण मनापासून धावलो का?

ह्यांचा आवाज बसला, पण धडा मध्ये सोडला नाही. ग्रंथवाचनाची सवय ती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माणसं एकेक करून उठली, चपला घातल्या आणि गेली. शेजारच्या म्हाताऱ्या सरस्वतीबाई तेवढ्या जवळ येऊन म्हणाल्या, "राजू, पाणी पी."

घरी आल्यावर हे आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. मला परत ते दिवस काढायची ताकद राहिलेली नाही, खरं सांगते.

पहाटे पाचचा गजर झाला. ह्यांनी हात लांबवून बंद केला आणि तसेच पडून राहिले. इतकी वर्षं त्या गजराला मी शिव्या घातल्या, आज वाटलं, परत वाजवावा.

बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच म्हणाले, "यशोधरा, त्या राजेंद्रकडे चाळीस माणसं आहेत म्हणे."

"हं."

"वॉचमन म्हणून मला घेईल का गं?"

मला हसूही आलं आणि रडूही. म्हटलं, "विचारून बघू. तोवर बदलापूरची ड्यूटी सोडू नका."

उजाडलं. नळाला पाणी आलं. माझी कंबर गेलीय, हंडा उचलवत नाही, हे त्यांना माहीत आहे. उठले आणि पाणी भरायला लागले.